हाकेला येणारे केमन

नागसेन वासनिकने बादली वाजवून हाक दिली की तळ्यातले केमन एकेक करून काठाशी येत. बघणाऱ्याला हे खरं वाटत नसे. केमन म्हणजे मगरीच्या कुळातलं, दक्षिण अमेरिकेच्या पाणथळींत राहणारं धाकटं भावंड. त्याला कोण काय शिकवणार? पण नागसेनने शिकवलं होतं. अ‍ॅल्युमिनियमच्या बादलीवर पळी तीनदा आपटायची आणि हिंगणघाटला आई कोंबड्यांना बोलवायची त्या सुरात म्हणायचं, "या रे, या या या." आधी पाण्यावर डोळ्यांच्या जोड्या उगवत, मग मुस्कटं, आणि मग सगळी मंडळी सिमेंटच्या उतारावर येऊन तोंडं उघडून थांबत. मासे मिळत. रक्ताचा नमुना घ्यायचा असला तरी मासे मिळतच, त्यामुळे सुईलाही कुणी फारसं बिचकत नसे.

त्याची संशोधन संस्था सिंगापूरच्या वायव्य टोकाला, लिम चू कांगच्या भाजीमळ्यांपलीकडे होती. दोन तळी, मध्ये जाळीची भिंत, मागे अंडी उबवायच्या खोल्या. एकूण एकतीस केमन. पाच मोठे, एका बंद पडलेल्या खासगी प्राणिसंग्रहालयातून आणलेले. सव्वीस लहान, इथेच अंड्यांतून निघालेले. केमनच्या अंड्यातून नर निघणार की मादी, हे घरट्याच्या उष्णतेवर ठरतं. जग तापत गेलं तर पुढे काय होईल, हा संशोधनाचा विषय होता. दुसरा हेतू असा की रुंद मुस्कटाच्या या जातीचा शुद्ध वंश इथे वाढवायचा आणि त्यातली काही पिल्लं अर्जेंटिनातल्या पाणथळीत नेऊन सोडायची. बाहेरदेशच्या एका प्रतिष्ठानाने त्यासाठी पाच वर्षांचा पैसा दिला होता.

प्रकल्पाच्या प्रमुख होत्या मेधा पटवर्धन. मूळच्या पुण्याच्या, पंचवीस वर्षं सिंगापुरात, आता इथल्या नागरिक. अंगाने किरकोळ, बोलायला लाघवी. मराठी मंडळींच्या कार्यक्रमात त्या नागसेनला म्हणत, "अरे, इथे तरी ताई म्हण." नागसेनच्या तोंडून मॅडमच निघे. त्याला नोकरी त्यांनीच दिली होती आणि या देशात राहायचा त्याचा पास त्या नोकरीवर होता. बायको दीप्ती पाया लेबारच्या एका ऑफिसात अकाउंट्स बघे. मुलगी इरा नऊ वर्षांची. ती रविवारी बापाबरोबर तळ्यावर येई आणि नावं ठेवी. सात नंबरच्या मोठ्या मादीला तिने मिसेस टॅन म्हणायला सुरुवात केली होती, कारण शाळेच्या बसमधल्या बाई अशाच पापणी न हलवता बघत.

सात नंबरची गोष्ट वेगळी होती. बाकीच्या माद्यांची अंडी उचलून उबवणीच्या खोलीत नेत; तिचं एक घरटं अभ्यासासाठी तिच्याकडेच ठेवलं होतं. अंड्यांतून चीं चीं ऐकू आली तशी तिने घरटं उकरलं आणि चौदा पिल्लं जबड्यात धरून, एका खेपेला दोन-तीन, पाण्यात नेली. नागसेनने ते सगळं टिपलं, पिल्लांचे आवाजही ध्वनिमुद्रित केले. घाबरलेल्या पिल्लाचा एक विशिष्ट आवाज असतो. तो ऐकला की मादी जिथे असेल तिथून धावून येते.

जानेवारीत मेधा मॅडमनी त्याला बोलावलं. "आपल्या जुन्या चाचण्यांत फक्त आईकडून येणारा डीएनए बघितला गेलाय," त्या म्हणाल्या. "बापाकडची बाजू कुणी तपासलेली नाही. तू कर. तुझं स्वतःचं काम म्हणून कर."

नागसेन खूश झाला. चार वर्षं तो दुसऱ्यांच्या कामाला हातभार लावत होता. त्याने तीन महिने मान मोडून काम केलं आणि मार्चअखेर उत्तर आलं. पाचही मोठ्या जनावरांत दुसऱ्या जातीच्या केमनचं रक्त होतं. दोन-तीन पिढ्यांपूर्वी त्या प्राणिसंग्रहालयात कुणीतरी दोन जाती एकाच पाण्यात ठेवल्या असणार. मोठे मिश्र, म्हणजे सव्वीस लहानही मिश्र. त्यांना अर्जेंटिनात सोडणं म्हणजे तिथल्या शुद्ध वंशात कालवाकालव करणं. त्याने तीनदा पडताळून पाहिलं. आकडे हलले नाहीत.

कागद घेऊन तो मॅडमच्या खोलीत गेला. या एका पानाने त्यांचं पाच वर्षांचं काम निकालात निघणार होतं. मॅडमनी पान शांतपणे वाचलं, चष्मा काढला.

"भेसळ आहे म्हणायची."

"संमिश्र वंश आहे," नागसेन म्हणाला.

"तेच ते. लिही. सगळं लिही, काही लपवू नकोस. पहिलं नाव तुझं."

त्या संध्याकाळी तो दीप्तीला म्हणाला, "मॅडम मोठ्या मनाच्या आहेत. दुसरा कुणी असता तर कागद फाडायला लावला असता."

दीप्ती डब्यातली भाजी काढत होती. "मग आता त्यांचं काय होणार?"

"मॅडमचं?"

"केमनचं."

नागसेनने तिच्याकडे बघितलं. तीन महिन्यांत हा प्रश्न त्याच्या डोक्यात एकदाही आला नव्हता.

उत्तर पंधरा दिवसांत मिळालं. प्रतिष्ठानाचा पैसा संपत आला होता आणि तळी दुसऱ्या प्रकल्पाला हवी होती. मिश्र वंशाची जनावरं सोडता येत नाहीत, कायद्याने कुणाला घरी देता येत नाहीत, आणि पोसायला कुणी तयार नाही. संस्थेच्या समितीने वेदनारहित मृत्यूची शिफारस केली. नागसेनने महिनाभराची मुदत मागितली आणि सतरा प्राणिसंग्रहालयांना पत्रं लिहिली. नऊ जणांनी उत्तरच दिलं नाही. सात जणांनी सभ्यपणे नकार कळवला. सगळ्यांच्या पत्रात एकच मुद्दा होता, शुद्ध असते तर विचार केला असता. एकाने दोन मागितले, मग तेही नको म्हणून कळवलं. शेवटी शेजारच्या देशातल्या एका मगरफार्मच्या मालकाचा फोन आला. सगळेच्या सगळे नेतो म्हणाला, फक्त कातडीला ओरखडे नकोत.

हे मॅडमना सांगितलं तेव्हा त्या हसल्या. "बघ, चामड्याला कुणी जात विचारत नाही."

नागसेन त्यांच्या टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला. त्यांनी हे सहज म्हटलं की मुद्दाम, ते विचारायची सोय नव्हती. त्याने फार्मला नाही म्हणून कळवलं.

"मग आता तूच," मॅडम म्हणाल्या. "डॉक्टर लिम इंजेक्शन देतील. पण जनावर काढायचं तुला."

"दुसरं कुणी चालणार नाही का, मॅडम? मला जमायचं नाही."

"का? शील मोडतं म्हणून?" त्यांचा आवाज मऊ होता. "अरे, आमच्या घरीही मुंगी मारत नव्हते. निकाल तुझा आहे, नागसेन. शोध आपला आणि हात दुसऱ्याचे, हे बरं दिसत नाही."

डॉक्टर लिम ही संस्थेची प्राणिवैद्य, स्पष्ट बोलणारी बाई. तिने त्याला नीट समजावून सांगितलं. जाळी टाकून पकडलं की केमन जिवाच्या आकांताने झटापट करतो, त्याच्या रक्तात आम्ल साचतं, इंजेक्शनचं औषध हळू चढतं, आणि तो जास्त वेळ सोसत राहतो. "तुझ्या हाकेला ते आपणहून येतात," ती म्हणाली. "त्यांच्यासाठी याहून चांगलं मरण माझ्याजवळ नाही."

मे महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी आंघोळ करून तो बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर उभा राहिला आणि पंचशील म्हणताना त्याने प्राणिहत्या न करण्याचं पहिलं शील गाळून दुसऱ्यापासून सुरुवात केली. दीप्ती मागे पोळ्यांचा डबा भरत होती. तिच्या ध्यानात आलं; तिने डब्याचं झाकण लावलं.

पहिल्या दिवशी लहानांची पाळी होती. नागसेनने बादली वाजवली. "या रे, या या या." पहिली सहा वर आली, तोंडं उघडून थांबली. त्याने प्रत्येकाला मासा दिला, मग मानेमागे हात घालून उचललं, जबड्याला चिकटपट्टी गुंडाळली आणि आत टेबलावर नेऊन ठेवलं. आधी गुंगीचं औषध, मग दुसरं. सरपटणाऱ्या प्राण्यांचं हृदय थांबलं तरी मेंदू बराच वेळ जागा राहू शकतो, म्हणून शेवटी डोक्याच्या मागून सळई घालून मेंदू निकामी करावा लागतो. ते कामही त्याच्याकडे होतं. डॉक्टर लिमने पहिलं करून दाखवलं. दुसऱ्यापासून त्याने केलं.

तो पुन्हा बाहेर गेला, पुन्हा बादली वाजवली. पुन्हा सहा आली. त्याला वाटलं होतं, आता ती यायची नाहीत, काहीतरी ओळखतील. पण जी गेली ती परत आली नव्हती, मागच्यांना सांगणार कोण? ती पहिल्यांपेक्षाही लवकर आली, कारण आज माशांत वाटेकरी कमी होते.

चौथ्या खेपेला घोटाळा झाला. त्याच्या बोटांना घाम आला होता, एक पिल्लू हातातून निसटून सिमेंटवर आपटलं आणि ओरडलं. तो आवाज नागसेनने शेकडो वेळा हेडफोन लावून ऐकला होता. शेजारच्या तळ्यात पाणी फाटल्यासारखं झालं आणि सात नंबर जाळीच्या भिंतीवर येऊन धडकली. ती मागे सरे आणि पुन्हा धडक घेई. नागसेनने पिल्लू छातीशी धरून आत नेलं, दार लावलं. टेबलावर ते गप्प झालं तरी बाहेरचा धाडधाड आवाज बराच वेळ चालला होता.

"थांबायचं का?" डॉक्टर लिमने विचारलं.

"नको," तो म्हणाला. "अजून सहा आहेत."

दुसऱ्या दिवशी मोठ्यांसाठी दोन माणसं मदतीला होती. नर आणि तीन माद्या हाकेला आले. सात नंबर आली नाही. तिचं मुस्कट जाळीने सोललं होतं. ती तळ्याच्या पलीकडच्या कोपऱ्यात तळाशी बसून होती. नागसेनने अर्धा तास बादली वाजवली. त्याचा घसा बसला. ती दर थोड्या वेळाने श्वास घ्यायला नाकपुड्या वर काढी आणि पुन्हा खाली जाई. मनातल्या मनात तो म्हणत होता, येऊ नको, आणि तोंडाने हाक मारत होता.

तेवढ्यात मेधा मॅडम आल्या. आदल्या दिवशी त्या फिरकल्या नव्हत्या. त्यांच्या हातात छोटा स्पीकर होता. "पिल्लांची रेकॉर्डिंगं आहेत ना आपल्याकडे," त्या म्हणाल्या. "तूच केलेली. घाबरलेल्याचं लाव."

"मॅडम, ते नको."

"मग जाळी टाकू. तिलाच त्रास होईल. तू सांग, काय करायचं."

नागसेनने डॉक्टर लिमकडे बघितलं. तिने नजर खाली घातली आणि सिरिंज तपासू लागली. त्याने फोन काढला, फाइल शोधली आणि स्पीकर उताराच्या वरच्या टोकाला ठेवला.

ती सरळ आली. चार वर्षांत ती कधी इतक्या वेगाने आली नव्हती. उतारावर चढून तिने स्पीकर हुंगला, मग जबडा उघडून तो अगदी अलगद दातांत धरला, पिल्लू धरावं तसा. आतून चीं चीं चालूच होती. ती वळून पाण्याकडे निघाली तेव्हा माणसांनी दोर टाकले. तिने झटापट केली नाही. झटापट करायची तर जबडा वापरावा लागला असता, आणि जबड्यात तिच्या लेखी पिल्लू होतं. औषध चढेपर्यंत तिने स्पीकर सोडला नाही.

"कमाल आहे," मेधा मॅडम म्हणाल्या. "हे कुणी शूट केलं का?"

कुणीच केलं नव्हतं.

त्या दिवशी नागसेन घरी आला तेव्हा इरा सोफ्यावर शाळेचं काहीतरी करत होती. तिने शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत विचारलं, "पप्पा, टुडे दे ऑल व्हेरी गुड ऑर नॉट?"

"ते गेले," नागसेन म्हणाला. "अर्जेंटिनाला पाठवले. घरी."

"ऑल थर्टी-वन? वन प्लेन कॅन मेह?" एका विमानात मावले कसे, हे तिला कळेना.

"दोन विमानं लागली."

इराचा चेहरा फुलला. न सांगता पाठवले म्हणून ती थोडी रुसली, मग तिने नकाशा काढला आणि अर्जेंटिना शोधून काढलं. दीप्ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. निजानीज झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "आता हे तुला कायमचं सांभाळावं लागेल."

जूनमध्ये शोधनिबंध स्वीकारला गेला. त्याला जोडायची जुनी माहिती गोळा करताना नागसेनला सर्व्हरवर एक रिपोर्ट सापडला. ऑगस्ट दोन हजार बावीसचा. तेच पाच मोठे केमन, त्याच चाचण्या, परदेशातल्या एका प्रयोगशाळेत करून घेतलेल्या. निष्कर्षही तोच. खाली मेधा पटवर्धन यांची सही.

रिपोर्ट छापून घेऊन तो त्यांच्या खोलीत गेला. त्याच दिवशी, तळ्यांवर येणाऱ्या दुसऱ्या प्रकल्पासाठी, त्याच्या नव्या कराराचे कागद टेबलावर तयार होते. दोन वर्षांची मुदत, पगार वाढवून. मॅडमनी रिपोर्टकडे एक नजर टाकली.

"हो, बावीसमध्येच कळलं होतं."

"सगळी सव्वीस पिल्लं त्यानंतरची आहेत."

"उष्णतेच्या प्रयोगाला अंडी लागणारच होती. त्याला मिश्र चालतात."

"म्हणजे मारायचीच आहेत हे माहीत असून आपण ती जन्माला घातली."

"बस, नागसेन." तो बसला. "तू तेव्हा नुकता आला होतास. मी तेव्हा तोंड उघडलं असतं तर प्रकल्प बंद, तुझा पास बंद. चार वर्षं तू, दीप्ती, इरा इथे राहिलात ते कशावर? मी ऐकवत नाहीये, आहे ते सांगतेय."

"मग आता मला का शोधायला लावलं?"

"मी सांगितलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, इतकी वर्षं काय झोपला होतात? तू शोधलंस म्हणून ते शास्त्र झालं." त्यांनी पेन पुढे केलं. "तू तुझा रिपोर्ट जोडलास, पुरे आहे. हा जोडायचा असला तर जोड, मी हात धरणार नाही. मग मात्र मलाही इथून जावं लागेल आणि तुलाही. एकतीसमधलं एकही परत येणार नाही."

खोलीतला एसी घरघरत होता. नागसेनला आठवलं की पासची मुदत तेवीस तारखेला संपते, आणि इराची चौथीची परीक्षा ऑक्टोबरात आहे. त्याने कराराच्या तिन्ही पानांवर सह्या केल्या. बावीसचा रिपोर्ट त्याने घडी करून खिशात घातला आणि बाहेर आल्यावर कागद कापायच्या यंत्रात सोडला. निबंधाला तो जोडला नाही.

निबंधाचं कौतुक झालं. आपल्याच प्रकल्पाची चूक जगासमोर मांडणाऱ्या मेधा पटवर्धन यांच्या प्रामाणिकपणाबद्दल एका परिषदेत त्यांना मुख्य भाषणाला बोलावलं. नागसेनचंही अभिनंदन झालं.

ऑगस्टातल्या एका रविवारी मराठी मंडळींची पुलाउ उबीन बेटावर सहल होती. सायकली फिरवून दमल्यावर सगळे एका टपरीच्या छपराखाली शहाळी पीत बसले. मेधा मॅडम त्यांचे बँकेतले यजमान निशिकांत यांच्यासोबत आल्या होत्या. कुणीतरी परिषदेचा विषय काढला आणि मॅडम रंगून सांगू लागल्या. इरा दोन बाकडी सोडून मुलांत बसली होती.

"माझं काय घेऊन बसलात, कौतुक याचं करा," मॅडम नागसेनकडे बोट करून म्हणाल्या. "दोन दिवसांत एकतीस जनावरं. एकदाही कचरला नाही तो. आणि ती सात नंबरची मादी, तिला पिल्लाचा आवाज ऐकवून बाहेर काढलं तेव्हा..."

"दे वेंट टू अर्जेंटिना," इरा म्हणाली.

सगळे वळले. दीप्तीने हातातलं शहाळं खाली ठेवलं.

इराला घरी काय सांगितलंय ते मॅडमना आधीपासून माहीत होतं की नव्हतं, हे नागसेनला पुढेही कधी कळलं नाही. त्यांनी इराकडे बघितलं आणि मोठ्या माणसाशी बोलावं तशा म्हणाल्या, "नाही बाळा. अर्जेंटिनाला कुणीच गेलं नाही. पप्पांनी सांगितलं नाही का तुला? मग मी बोलायला नको होतं."

"आर दे डेड?"

"हो. सगळे."

"हू डिड इट?"

मॅडम नागसेनकडे बघू लागल्या. त्या बघण्यातच उत्तर होतं. इरा रडली नाही. ती बापाकडे बघत होती, पापणी न हलवता, आणि नागसेनला तिच्या नजरेला नजर देता आली नाही.

"इरा, ऐक," तो म्हणाला. "त्यांना त्रास होऊ नये म्हणून..."

"यू लाइड," ती म्हणाली. "यू सेड टू प्लेन्स."

परतीच्या बमबोटीत, म्हणजे लाकडी मोटरहोडीत, बारा माणसं बसली. नागसेनने शेजारी जागा धरून ठेवली होती. इरा त्याच्यासमोरून पुढे गेली आणि मेधा मॅडमच्या बाजूला बसली. दीप्तीने तिला हाक मारली तेव्हा ती म्हणाली, "आय वाँट टू सिट विथ मेधा आंटी. शी टेल्स प्रॉपर्ली."

इंजिन सुरू झालं. त्या आवाजात नागसेनला काही ऐकू येत नव्हतं, फक्त दिसत होतं. इरा विचारत होती आणि मॅडम उत्तरं देत होत्या, काही न झाकता, हातांनी दाखवत; एकदा त्यांनी इराच्या मानेमागे, केस सुरू होतात तिथे, बोट टेकवून जागा दाखवली. इरा मान डोलवत होती. चांगीचा धक्का येईपर्यंत पंधरा मिनिटं तिचे प्रश्न संपले नाहीत.

धक्क्यावर उतरल्यावर मॅडम नागसेनजवळ आल्या. "हुशार आहे रे पोरगी. नेमकं विचारते. सुट्टीत पाठव तिला माझ्याकडे, पुढच्या प्रकल्पाची नवीन अंडी येतायत."

नागसेन काही बोलायच्या आत दीप्ती म्हणाली, "हो, पाठवू की."

इराने मॅडमचा हात धरला आणि दोघी बसस्टॉपकडे चालू लागल्या.